पात्यामागची पट्टी : टेबल सॉ शिकताना

आमच्या आप्पांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर नाही. २००९ साली दिवाळीच्या तोंडावर, कोरेगावजवळच्या आमच्या गावातल्या दुकानात, सागाची फळी उभी चिरताना ते गेलं. मी तेव्हा बारावीला होते. मशीन घरीच जोडलेलं होतं. लाकडी चौकटीखाली मोटर, पट्ट्यावर फिरणारं गोल पातं आणि वर ठोकलेला पत्रा. त्या दिवसापासून मशीनवर गोणपाट पडलं ते पडलंच आणि घरात एक वाक्य कायमचं बसलं, 'आप्पांचं लक्ष नव्हतं.' आप्पा स्वतःही तेच सांगायचे.

सुतारकाम मी आप्पांकडूनच शिकले, पण सगळं हातानं. रंधा, पटाशी, करवत, पॉलिश. लग्न होऊन साताऱ्यात गोडोलीला आले तरी आठवड्यातले चार दिवस एसटीनं दुकानात जाऊन पाट, चौरंग, छोटे देव्हारे करत होते. फळ्या चिरायला मात्र साताऱ्यात दुसऱ्याच्या मशीनवर न्याव्या लागायच्या. फुटावर पैसे, टेम्पोचं भाडं वेगळं, नंबर लागायला दोन-तीन दिवस आणि गणपतीच्या आधी आठवडासुद्धा. एवढं करून फळी एका टोकाला सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि दुसऱ्या टोकाला पाच. २०२४ च्या सुरुवातीला ठरवलं की टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेलं लाकूड कापायचं मशीन, शिकायचं आणि स्वतःचं घ्यायचं. आता ते दुकानात बसून बरेच महिने झाले. ज्यांना हे करायचंय, विशेषतः ज्या बायकांना करायचंय, त्यांच्यासाठी झालं तसं लिहिते.

सुरुवात कागदांपासून. १२ जानेवारी २०२४ ला सीएससी केंद्रात (सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देणारं केंद्र) जाऊन कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवलं. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यात १८ धंदे आहेत आणि सुतारकाम त्यांपैकी एक. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड एवढं लागतं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही.

माझं अडलं ते अंगठ्यावर. वर्षानुवर्षं पॉलिश पेपर घासून बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या, मशीन ठसा घेईना. दोन दिवस परत आले. तिसऱ्या दिवसापर्यंत घासकाम बंद ठेवलं, रात्री हाताला खोबरेल तेल लावून झोपले आणि सकाळी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. सुतार, गवंडी अशा सगळ्यांचीच ही अडचण असणार. केंद्रावर जायच्या आधी तीन-चार दिवस हातांना आराम द्या, आणि अंगठाच लागतो असं नाही, दहाही बोटं लावून बघायला सांगा.

त्यानंतर पडताळणीच्या तीन पायऱ्या असतात. खेड्यात असाल तर ग्रामपंचायत, शहरात असाल तर नगरपरिषद, मग जिल्ह्याची समिती आणि शेवटी छाननी समिती. माझा अर्ज जुलैपर्यंत अडकून होता. मार्चमध्ये वाटलं, राहू दे. नगरपरिषदेत दोनदा जाऊन विचारून आले, दुसऱ्या वेळी अर्ज पुढं सरकला. ऑगस्टमध्ये सहा दिवसांचं प्रशिक्षण झालं, दिवसाला ५०० रुपये भत्ता खात्यावर आला आणि १५,००० रुपयांचं टूलकिटचं ई-व्हाउचर मिळालं. प्रशिक्षण चांगलं होतं, पण टेबल सॉ एका दुपारी लांबून दाखवलं तेवढंच. सहा दिवसांत त्यांनी तरी किती शिकवावं.

कर्जाचा पहिला टप्पा १ लाखाचा, ५ टक्के व्याजानं, १८ महिन्यांत फेडायचा, तारण नाही. तरी मी गेले त्या बँकेत जामीनदार आणा म्हणाले, सातबाराही मागितला. सातबारा आप्पांच्या नावावर आणि मला तो यात आणायचाच नव्हता. रडू येईल इतका राग आला. घरी येऊन योजनेच्या नियमांची प्रिंट काढली, तारण लागत नाही ती ओळ पेननं अधोरेखित केली आणि तिसऱ्या खेपेला शांतपणे टेबलावर ठेवली. २१ नोव्हेंबरला पैसे जमा झाले. हप्ता महिन्याला साधारण ५,७८० रुपये बसतो.

या मधल्या काळात मी शिकून घेतलं, आणि माझा सगळ्यांना हाच सल्ला आहे की मशीन घ्यायच्या आधी शिका. सातारा एमआयडीसीत फर्निचरचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. सप्टेंबरपासून अकरा रविवार, रविवारचे ३०० रुपये. पहिल्या रविवारी त्यांनी प्लग काढला आणि माझ्या हातात दिला. "ताई, हा तुमच्या खिशात ठेवा. प्लग खिशात असला तरच पात्याला हात लावायचा."

त्या दिवशी मशीन चालूच केलं नाही. वायर बाहेर लोंबत होती आणि मी पातं हातानं फिरवून बघत होते. दहा इंची म्हणजे २५४ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४,००० फेरे घेतं. घरी येऊन हिशेब केला तर दाताचं टोक ताशी १९० किलोमीटरनं जातं. पात्याच्या पुढच्या बाजूचे, म्हणजे आपल्याकडचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबतात. मागच्या बाजूचे दात खालून वर येतात. फळीनं त्या मागच्या दातांना घट्ट स्पर्श केला की दात तिला उचलतात आणि आपल्याच दिशेनं भिरकावतात. लाकूड चिरताना आतला ताण सुटतो, चिरलेले दोन भाग एकमेकांकडे ओढले जातात आणि पातं मधे आवळलं जातं. तसं होऊ नये म्हणून पात्याच्या लगेच मागं पोलादाची एक पातळ पट्टी उभी असते, रायव्हिंग नाइफ. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी असते, म्हणजे ती चिरेतून सरकते पण चीर मिटू देत नाही. पातं वर-खाली केलं, तिरकं केलं की पट्टीही बरोबर हलते.

मी आप्पांच्या बोटाचं सांगितलं. मिस्त्रींनी एकच विचारलं, "मागं पट्टी होती?"

नव्हती. आमच्या मशीनला पट्टी नव्हती, वरचं झाकण नव्हतं, काहीच नव्हतं.

तशीच पुढं गावाला गेले. आप्पा ओसरीवर बसले होते. मी त्यांना कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन चीर कशी मिटते ते दाखवलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आवळली हुती. फळी निम्म्यात गेली आन् मोटर कण्हाय लागली. म्हणून मी मागनं हात घालून वडली." पंधरा वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण नक्की काय झालं ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. लक्ष नव्हतं असं नाही. मोटरचा आवाज बदललेला त्यांना कळला होता, तो सोडवायलाच त्यांचा हात गेला. मागून ओढलेली फळी उलटी सुटली आणि जाताना हात पात्याकडे घेऊन गेली.

म्हणून जे मशीन घ्याल त्याला मागची पट्टी आहे का, हे किंमत विचारायच्या आधी बघा. स्वस्तात गावठी मशीन जोडून मिळतं, पुष्कळ दुकानांत तेच असतं. हात जोडून सांगते, त्या पैशाच्या वाचण्याला काही अर्थ नाही. आणि फळी आवळली, मोटर कण्हायला लागली तर मागं हात नाही न्यायचा. फळी आहे तिथं घट्ट दाबून धरायची, मांडीनं किंवा गुडघ्यानं लाल बटन दाबायचं आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत तसंच उभं राहायचं. बटन दाबल्यावरही पातं बराच वेळ फिरत राहतं, मी तेवढा वेळ मनात आकडे मोजते. मग चिरेत लाकडाची पाचर घालून पुन्हा सुरुवात करायची.

दुसऱ्या रविवारी पहिला उभा काप केला, आंब्याच्या फळीवर. फळीची जी कड गाईडला, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या पात्याशेजारच्या सरळ आधाराला, लागते ती आधी रंध्यानं सरळ केलेली हवी, आणि जी बाजू टेबलावर बसते ती डुगडुगता कामा नये. वाकडी फळी म्हणजे पुढं जाऊन आवळणारच. गाईड पात्याशी समांतर आहे ना, हे रोज मोजपट्टीनं मोजायचं, पुढच्या दाताशी आणि मागच्या दाताशी. मागच्या टोकाला गाईड थोडंही आत असेल तर ते लाकडाला पात्यात ढकलतं. पात्याची उंची अशी ठेवायची की दोन दातांमधली खोबण फळीच्या जेमतेम वर येईल. उभं राहायचं ते पात्याच्या रेषेच्या डावीकडे, कारण लाकूड उडालं तर रेषेत उडतं.

मला सगळ्यात अवघड गेलं ते शेवटचं वीतभर. फळी संपत येते, हात पात्याजवळ येतो आणि मन म्हणतं सोड. तिथंच सोडायचं नसतं, कारण गाईड आणि पात्यामधला तुकडा पात्याच्या पार मागं जाईपर्यंत त्याला ढकलणारं कुणी हवं. त्यासाठी ढकलकाठी. शेवटच्या वीतभराच्या आधीच ती हातात यायला हवी, म्हणून ती गाईडवरच ठेवायची. भिंतीला टांगलेली काठी वेळेला उपयोगी पडत नाही. कापून पडलेला तुकडा पात्याशेजारी पडून राहिला तर पातं थांबेपर्यंत तो आपला नाही असं समजायचं.

उभ्या कापाला २४ दातांचं पातं, आडव्याला ६०. लाकडाच्या रेषांना धरून उभं चिरताना भुसा लांब निघतो, त्याला दातांमधे जागा लागते. आडवं कापताना तंतू स्वच्छ तुटायला हवेत, तिथं दात जास्त हवेत. २४ वर प्लाय घेतला तर कड अशी फुटते की लाज वाटावी. प्लायला ६० चं पातं, चांगली बाजू वर आणि कापायच्या रेषेवर कागदी टेप. आठ बाय चारची अख्खी शीट छोट्या मशीनवर एकटीनं चढवायची नाही. मी ती आधी जमिनीवर थर्माकोलच्या तुकड्यांवर ठेवून हातातल्या सर्क्युलर सॉनं ढोबळ कापून घेते.

डिसेंबरमध्ये मशीन घेतलं, ४६,५०० रुपये. दोन टीसीटी (टंगस्टन कार्बाइडचे दात असलेली) पाती ३,५५०. भुसा ओढणारा व्हॅक्यूम ९,०००. चष्मा, कानाचे मफ आणि मास्क मिळून ९५०. सागाचा बारीक भुसा नाकात गेला की मला दोन दिवस शिंका येतात, त्यामुळे मास्क चांगला घेतला. दुकानाचं मीटर व्यावसायिक होतं पण मंजूर भार एकच किलोवॅट. तीन किलोवॅटसाठी महावितरणकडे ऑनलाइन अर्ज केला, परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल जोडला, तीन आठवडे लागले. वेगळा एमसीबी, अर्थिंग आणि १६ अँपिअरचा सॉकेट असे ३,२०० गेले. एक्स्टेन्शन बोर्डवर हे मशीन चालवू नका, वायर तापते. आणखी एक, ओंडके चिरायची सॉ मिल टाकायची असेल तर वन विभागाचा परवाना लागतो. आपण तयार फळीवर काम करतो, तरीही मी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारून आले आणि सागाची प्रत्येक पावती फाइलला लावते.

आता बांगड्यांचं. लांब बाही, ओढणी, मोकळे केस, हातमोजे यांतलं काहीच मशीनजवळ चालत नाही. हातमोजा संरक्षण देतो असं वाटतं, पण दात त्याचा धागा पकडून अख्खा हात ओढतात. मंगळसूत्र मी कुर्त्याच्या आत घालून वरून एप्रन बांधते. बांगड्या काढायच्या म्हटल्यावर सासूबाईंना बरं वाटलं नाही. सवाष्णीनं हात मोकळे करू नयेत, हे त्यांच्या मनात खोल आहे आणि मला त्यांना दुखवायचं नव्हतं. एका रविवारी त्यांना दुकानात घेऊन आले. मशीन बंद ठेवून माझी जुनी ओढणी पात्याला लावली आणि पातं हातानं अर्धा फेरा फिरवलं. ओढणी टेबलाखाली गेली. त्या म्हणाल्या, "चालू असलं की काढ, बंद झालं की लगेच घाल." स्क्रूच्या रिकाम्या डबीत हिरव्या बांगड्या ठेवते, ती डबी स्विचच्या शेजारीच असते. त्यामुळे बांगड्या डबीत गेल्याशिवाय बटनाला हात जात नाही, हा फायदा आधी सुचला नव्हता.

फेब्रुवारीत चूक झाली. पाटांच्या पायांचे सारख्या लांबीचे तुकडे हवे होते. आडव्या कापाला मायटर गेज, म्हणजे फळी हव्या त्या कोनात धरून पुढं सरकवायचं साधन, लावलं आणि लांबी सारखी यावी म्हणून गाईडही तसंच ठेवलं, तुकडा गाईडला टेकवून कापत गेले. मिस्त्रींनी अगदी हेच करू नका म्हणून सांगितलं होतं. चार तुकडे नीट निघाले. पाचवा कापून झाल्यावर गाईड आणि पात्यामधे अडकला, तिरका झाला आणि माझ्या उजव्या बाजूनं जाऊन दाराच्या पत्र्यावर आदळला. पत्र्याला पोचा आहे अजून. मी रेषेबाहेर उभी होते म्हणून काही झालं नाही. आठ दिवस मशीनकडे गेले नाही. मग योग्य रीत बसवली. गाईडवर पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करायचा, लांबी ठोकळ्याला टेकवून ठरवायची आणि मग फळी गेजबरोबर पुढं सरकवायची. तुकडा पात्यापाशी पोचेपर्यंत ठोकळ्यापासून सुटलेला असतो, अडकायला काही उरत नाही.

तिरके काप मला आवडायला लागलेत. चौकटीचा ४५ अंशाचा जोड करताना गेजवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. चार कोपरे म्हणजे आठ काप, प्रत्येकात अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट दिसते. टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे कापून, जोडून गुण्यात (काटकोन तपासायच्या साधनात) धरायचे, उजेड दिसला तर गेज हलवायचं. पातंच तिरकं करून कापायचं असेल तर गाईड अशा बाजूला घ्या की पातं गाईडपासून लांब झुकेल, नाहीतर तुकडा पात्याखाली सापडतो. देव्हाऱ्याच्या मागच्या फळीसाठी खाच पाडताना पातं लाकडात लपलेलं असतं आणि मागून कुठं बाहेर येतं ते विसरायला होतं. मी गाईडच्या अंगाला टेबलावर लाल टेप लावलाय, तेवढ्या पट्ट्यात हात न्यायचा नाही.

साताऱ्याकडे जुन्या वाड्यांचं सागवान मिळतं. वाडा उतरवला की तुळया, चौकटी विकायला येतात. त्या लाकडाचा रंग आणि वास नव्या सागाला नाही, मला तेच काम सगळ्यात प्रिय. पण त्यात खिळे असतात, डोकं तुटून आत राहिलेले, वरून रंग बसलेला. एप्रिलमध्ये एका खिळ्यानं पात्याचा दात उडवला. आता जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक फळीवरून चारी बाजूंनी सावकाश फिरवते. खिळा असला की चुंबक तिथं थबकतं. पितळी खिळा त्याला कळत नाही, तिथं डोळे आणि आप्पांची नखं. आप्पा नखानं फळी टोकरत जातात आणि बरोबर जागी थांबतात.

लांब फळी चिरताना मागून ती खाली झुकते, मग कुणीतरी मागं उभं राहून ओढावंसं वाटतं. मदतनीसानं फक्त खालून आधार द्यायचा, ओढायचं नाही, हे कितीही सांगितलं तरी हात ओढायला जातोच. जूनमध्ये पावसानं काम थंडावलं तेव्हा एका सकाळी दुकानात गेले तर आप्पांनी जुन्या मशीनवरचं गोणपाट काढलं होतं. मोटर, पातं, पट्टा सोडवून भंगाराच्या पोत्यात भरलं होतं आणि नुसती चौकट बाहेर उजेडात आणून तिचे पाय करवतीनं कापत होते. वर प्लाय ठोकला, प्लायला मेण चोळलं आणि ती माझ्या मशीनच्या मागं लावली. आता फळी पातं ओलांडून थेट तिच्यावर सरकते, मागं कुणी उभं राहत नाही. उंची मी मोजून बघितली, टेबलापेक्षा अर्धा सूत खाली होती. फळीचं टोक अडकू नये म्हणून तेवढी ठेवलीय, असं ते म्हणाले आणि उरलेले पायांचे तुकडे चुलीसाठी घेऊन गेले.